चेरीचा एक ओंडका, नऊ बाऊल आणि सहा तडे

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एकच. लेथवर, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या मशीनवर, ओलं लाकूड कातणाऱ्या प्रत्येकाच्या शेल्फवर कधी ना कधी हेच घडतं, बाऊल वाळता वाळता तडकतात, आणि दरवेळी चर्चा फक्त "वाळवलं कसं" याच्याभोवती फिरते. आमच्या लाकूड कातणाऱ्यांच्या ग्रुपमध्येही सुरुवात तशीच झाली होती. पण यावेळी ज्याचे बाऊल तडकले त्याने सगळे नऊच्या नऊ टेबलावर आणून ठेवले, चांगले तीन वेगळे काढून दाखवले नाहीत, त्यामुळे नीट मुळापर्यंत जाता आलं.

तर झालं असं. आमच्यातला एक मेंबर, लेथवर दोनेक वर्षं काम करतोय, हात चांगला बसलाय, बाऊल गाऊज, म्हणजे बाऊल कातायचं पन्हळी पात्याचं हत्यार, व्यवस्थित चालवतो. त्याला पाडलेल्या चेरीचा साधारण ४० सेंटीमीटर जाडीचा ओंडका मिळाला. ज्यांनी कुणी चेरी ओली असताना कातली असेल त्यांना माहितीये की ते लाकूड लेथवर लोण्यासारखं चालतं, लांबलचक ओल्या ढलप्या निघत राहतात आणि थांबावंसंच वाटत नाही. त्याने ओंडक्याचे पाच तुकडे केले, प्रत्येक तुकडा उभा चिरून दोन अर्धे केले, एका अर्ध्यात मोठी गाठ आणि आत गेलेली साल निघाली म्हणून तो बाजूला टाकला आणि उरलेल्या नऊचे ३० सेंटीमीटर व्यासाचे बाऊल रफ टर्न करून वाळायला ठेवले. म्हणजे आपली नेहमीची दोनदा कातायची पद्धत, आधी जाड ठेवून कातायचं, मग काही महिने वाळू द्यायचं, त्यात लाकूड जे काय वाकायचं ते वाकतं, आणि मग परत चकवर (लेथच्या पकडीत) घेऊन फायनल आकार द्यायचा. जाडी व्यासाच्या दहा टक्के ठेवायची असा सगळीकडे चालणारा नियम आहे, त्या हिशोबाने ३० सेंटीमीटरला ३ सेंटीमीटर.

तीन आठवड्यांत नऊपैकी सहा तडकले.

मीटिंगमध्ये टेबलावर बाऊल आले तसे उपायही धडाधड आले. एक जण म्हणाला डिनेचर्ड अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायला हवे होते, दुसऱ्याने उकळायचा सल्ला दिला, कुणी म्हणालं फ्रीजमध्ये ठेव, कुणी म्हणालं चेरी अशीच असते, तिच्या नादी लागूच नये. यातले काही उपाय काही लोकांना खरंच उपयोगी पडतात, उकळण्याबद्दल तर मी स्वतः चांगलं ऐकलंय अशा लोकांकडून ज्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण एक सीनियर टर्नर आहेत आमच्यात, ते सगळं ऐकून घेत होते, एकेक बाऊल हातात घेऊन फिरवून बघत होते, आणि शेवटी त्यांनी विचारलं, "अरे, वाळवलंस कसं ते नंतर सांग, आधी हे चिरलंस कसं आणि झाड पाडल्यावर किती दिवसांनी, ते सांग."

इथून चर्चेची दिशाच बदलली.

त्यांनी सगळ्यात आधी तडे कुठे आहेत ते बघून बाऊल वेगवेगळे लावले. तीन बाऊलना तडा कडेपासून सुरू होऊन खाली निम्म्यापर्यंत गेला होता, आणि तिन्ही ठिकाणी तो कडेच्या अगदी त्याच जागी होता जिथे खोडाच्या मधला मऊ भेंड बारीक तपकिरी ठिपक्यासारखा दिसत होता. दोन बाऊलना एंड ग्रेनच्या बाजूला, म्हणजे जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जातात तिथे, बाहेरून केसासारख्या पाच-सहा बारीक चिरा होत्या, खोल नाहीत, पण नखाला लागत होत्या. आणि एकाला कडेला काहीच नाही, भिंतीला काही नाही, फक्त बुडात ग्रेनच्या (तंतूंच्या) दिशेने सरळ एक चीर. म्हणजे तडे सहा पण गोष्टी तीन, आणि आपण मात्र सगळ्यांना एकच औषध द्यायला निघालो होतो.

आता भेंडाचं काय ते जरा नीट सांगतो कारण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हाच आहे. ओल्या लाकडातलं पाणी आधी पेशींच्या पोकळीतून जातं, तेव्हा लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींमधलं पाणी जायला लागतं आणि आकसणं तिथून सुरू होतं. पण ते सगळीकडून सारखं होत नाही. ब्लॅक चेरीचे छापील आकडे बघा, पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वर्षवलयांच्या कडेकडेने ७.१ टक्के, आणि मधून बाहेर जाणाऱ्या दिशेने ३.७ टक्के. लांबीला जवळजवळ काहीच नाही. म्हणजे वलयाचा घेर त्याच्या त्रिज्येच्या दुप्पट आकसायला बघतो, आणि वलय पूर्ण बंद असेल तर ते शक्यच नाही, कुठेतरी फाटावंच लागतं. भेंड ब्लँकमध्ये (कातायला घेतलेल्या तुकड्यात) राहिला म्हणजे त्याच्या भोवतीची ती छोटी छोटी बंद वलयंही राहिली. मग तुम्ही वाळवण्यावर कितीही प्रेमाने लक्ष द्या, हळू वाळावं म्हणून मेण लावा, पिशवीत घाला, तडा थोडा उशिरा येईल एवढंच.

आणि त्याने काय केलं होतं, तर प्रत्येक तुकडा मधोमध एकाच रेघेत चेनसॉने चिरला. दोन तुकड्यांत रेघ बरोबर भेंडातून गेली आणि मग लेथवर तोंड सपाट करताना जे काय उरलंसुरलं होतं ते निघून गेलं. तीन तुकड्यांत मात्र चेनसॉ थोडी सरकली, भेंड अख्खाच्या अख्खा एका अर्ध्यात राहिला, कडेपासून जेमतेम सेंटीमीटरभर आत. ते तीन अर्धे म्हणजेच ते तीन बाऊल. हे टेबलावर मांडून बघितल्यावर इतकं स्पष्ट दिसत होतं की कुणाला वाद घालायला काही राहिलं नाही. एका रेघेऐवजी भेंडाच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा मारून मधली पाच-सहा सेंटीमीटरची फळी काढून टाकायची, हे सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं, पण ओंडका समोर असला की ती फळी वाया जाते असं वाटून हात आखडतो. वाया काही जात नाही खरं तर, त्या फळीतल्या भेंडाच्या दोन्ही बाजूंना सरळ रेषांचं मस्त लाकूड मिळतं, डब्यांना आणि हँडलना ते उत्तम.

एंड ग्रेनच्या चिरांचे दोन बाऊल ओंडक्याच्या दोन टोकांच्या तुकड्यांतले होते. झाड पाडल्यावर ओंडका बारा दिवस उघडा पडून होता, टोकांना काहीही न लावता. लाकडाचं पाणी एंड ग्रेनमधून बाकीच्या बाजूंपेक्षा कमीत कमी दहापट वेगाने जातं, त्यामुळे टोकं आधी आकसतात, आतलं लाकूड अजून ओलं असतं ते हलत नाही, आणि टोकाला चिरा पडतात, अगदी तळ्यातला चिखल वरून वाळताना भेगाळतो तसं. त्या चिरा चेनसॉने कापलेल्या खरबरीत पृष्ठभागावर दिसत नाहीत. त्याने तुकडे नेमके हव्या तेवढ्याच लांबीचे पाडले होते, टोकाकडून चार बोटंसुद्धा जास्तीची टाकून दिली नव्हती. म्हणजे त्या दोन बाऊलमध्ये चिरा लेथवर चढायच्या आधीपासूनच होत्या, फक्त नंतर उघडल्या. यासाठी एक साधी टेस्ट आहे जी आता आमच्याकडे सगळेच करतात, टोकाकडून दोनेक सेंटीमीटरची चकती कापायची आणि हाताने वाकवून बघायची, चीर असेल तर लगेच तोंड उघडते. चकती अखंड राहीपर्यंत कापत जायचं.

बुडाला चीर पडलेल्या बाऊलच्या बाबतीत मतभेद झाले. कुणी म्हणालं टेनन (चकमध्ये धरायला बुडाशी ठेवतात तो गोल खुंट) फार मोठा ठेवलाय, कुणी म्हणालं लाकडातच दोष असेल. शेवटी मालकाच्या परवानगीने तो बाऊल बँडसॉवर मधून कापला. एक बाऊल असा उभा कापून बघणं याच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही असं मला मनापासून वाटतं, चांगला झालेला असला तरी कापावा. कापल्यावर दिसलं की कडेजवळ जाडी २४ मिलिमीटर, पोटात २७, आणि बुडात टेनन धरून ४१. बाहेरचा आकार छान गोल उतरला होता पण आतून गाऊज बुडाच्या वळणावर पोचलीच नव्हती, आत एक सपाट जाड तळ राहिला होता. भिंत लवकर वाळली आणि आकसली, बूड ओलंच, ते मागे राहिलं, आणि मग ते वाळायला लागलं तेव्हा आजूबाजूची भिंत आधीच कडक झालेली, त्यामुळे ताण सगळा बुडात. दहा टक्क्यांच्या नियमापेक्षा जाडी सगळीकडे सारखी असणं जास्त महत्त्वाचं आहे, नियम सांगताना लोक हा भाग गाळतात.

आता उरलेल्या तिघांकडे बघू, कारण न तडकलेल्यांनीही बरंच सांगितलं. तिन्ही ओंडक्याच्या मधल्या तुकड्यांतले, तिन्हीत भेंड नाही, आणि तिन्ही सगळ्यात शेवटी कातलेले. त्या दिवशी शेल्फवर जागा नव्हती म्हणून त्याने ते कातल्या कातल्या कागदी पिशव्यांत ओल्या ढलप्यांसकट भरले आणि जमिनीवर ठेवले. आधीचे सहा मात्र रात्रभर लेथशेजारी उघडे राहिले होते, खिडकी उघडी, आणि मेण दुसऱ्या दिवशी लावलं तेही फक्त बाहेरून. म्हणजे "पिशवीनेच वाचवलं" असा सरळ निष्कर्ष काढायचा मोह होतो, बऱ्याच जणांनी काढलाही. पण तो काढता येत नाही, कारण या तिघांचं लाकूडही चांगल्या भागातलं होतं. दोन कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत.

म्हणून मग त्याच झाडाचा बुंध्याकडचा जो आणखी एक तुकडा पडून होता तो आणला, चकती अखंड निघेपर्यंत टोक कापलं, भेंड दोन रेघांनी काढून टाकला, आणि त्याच तुकड्याचे दोन अर्धे शक्य तेवढ्या सारख्या जाडीने कातले. एकाला लगेच आतबाहेर एंड ग्रेनवर वॅक्स इमल्शन लावलं, अँकरसील वगैरे मिळतं ते, दुसरा रात्रभर उघडा ठेवला. सकाळी उघड्यावर एंड ग्रेनला दोन बारीक चिरा, मेणवाल्याला काही नाही. एका जोडीवरून फार मोठं काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण पहिल्या रात्रीचं महत्त्व माझ्या मनात तरी पक्कं झालं. कातलेला ओला बाऊल जेवायला जाताना सुद्धा उघडा सोडू नये, प्लास्टिकची पिशवी टाकून जावं.

वाचलेल्या तिघांबद्दल अजून एक गोष्ट. बुडावर पेन्सिलने तारीख आणि वजन लिहून दर आठवड्याला वजन करत गेला तो, आणि पाच महिन्यांनी वजन उतरायचं थांबलं. तेव्हा मोजलं तर ग्रेनच्या दिशेने व्यास तेवढाच ३० सेंटीमीटर, आणि आडव्या दिशेने २८.६. हिशोबाला बरोबर बसतं, कारण ७.१ टक्के हे पूर्ण कोरड्यापर्यंतचं आहे, घरात ठेवलेल्या लाकडात ८-१० टक्के पाणी राहतंच, म्हणजे प्रत्यक्षात त्यातलं दोन तृतीयांश आकसणं होतं, ३० सेंटीमीटरला साधारण दीड. आणि बाऊल टेबलावर पालथा घातला तर कडेच्या दोनच बिंदूंवर डुलत होता, जिथे भेंड जवळ होता ते एंड ग्रेनचे दोन बिंदू वर आलेले आणि बाजूच्या कडा खाली गेलेल्या. नऊमधले सगळ्यात वेडेवाकडे झालेले तीन म्हणजे हेच न तडकलेले तीन. त्यांना वाकायला मिळालं म्हणून ते फाटले नाहीत. नवीन लोक बाऊल वाकडा झाला की घाबरतात म्हणून हे मुद्दाम सांगतोय, वाकणं चांगलं लक्षण आहे, आणि जाडी ठेवतो ती याच्याचसाठी.

एवढं झाल्यावर खरा वाद सुरू झाला, तडकलेल्यांचं करायचं काय.

यावर एकमत होणं शक्य नव्हतं आणि झालंही नाही. एका बाजूला अशी मंडळी आहेत की ज्यांच्यासाठी तडा म्हणजे जळण, विषय संपला. दुसरीकडे असे की ज्यांना तडा, साल, बुरशीच्या काळ्या रेषा, किड्यांची भोकं हेच लाकडाचं बोलणं वाटतं. हा वाद फक्त आमचा नाही, आजच्या वुडटर्निंगच्या, म्हणजे लेथवर लाकूड कातण्याच्या कलेच्या, सुरुवातीपासूनचा आहे. जेम्स प्रेस्टिनी यांचे पातळ, निर्दोष, कुठेही डाग नसलेले बाऊल १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडले गेले, ती एक टोकाची शिस्त. आणि १९७० च्या दशकात मेल आणि मार्क लिंडक्विस्ट या बापलेकांनी कुजायला लागलेलं, रेषारेषांचं, भगदाडं असलेलं लाकूड मुद्दाम निवडून त्यातून भांडी घडवली, रूड ओसोल्निक यांनी नैसर्गिक कडा तशीच ठेवली, आणि लोकांना "दोष" या गोष्टीकडे नव्याने बघायला लावलं. एड मोल्थ्रॉप तिसऱ्याच वाटेने गेले, ते आर्किटेक्ट होते, प्रचंड मोठे बाऊल कातायचे आणि ते तडकू नयेत म्हणून पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात भिजवत ठेवायचे. ख्रिश्चन बर्चर्ड यांनी मॅड्रोन या झाडाचं ओलं बर्ल (झाडावरच्या मोठ्या गाठीचं लाकूड) अगदी पातळ कातून वाळताना हवं तसं सुरकुतू दिलं, आकसणं हाच आकार. या सगळ्यांकडे मी बघतो तेव्हा मला एक गोष्ट सारखी दिसते, यातल्या कुणालाही लाकडाने अचानक गाठलं नव्हतं. लिंडक्विस्टनी ते लाकूड बघून निवडलं होतं. त्यामुळे तडकलेल्या बाऊलला नंतर "हे मी असंच ठरवलं होतं" म्हणणं मला पटत नाही, आणि तडा दिसला की फेकून देणंही पटत नाही. तडा कुठून आला हे कळल्यावर मग ठरवा त्याचं काय करायचं, इतकंच माझं म्हणणं.

पण त्याच्याही आधी सेफ्टी. ३० सेंटीमीटरचा बाऊल १००० आरपीएमला फिरतो तेव्हा त्याची कड ताशी साधारण ५६ किलोमीटरने पळत असते. कडेपासून निम्म्यापर्यंत तडा गेलेला तुकडा त्या वेगात गाऊजचा एक कॅच बसला, म्हणजे हत्यार लाकडात अचानक अडकलं, की सुटून येतो, आणि तो थेट उभ्या असलेल्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. तड्यात सुपरग्लू ओतला म्हणून तो पुन्हा अखंड होत नाही, ग्लू फक्त वरच्या फटीत बसतो, आतला ताण तसाच असतो. इथे ग्रुपने मत न विचारता सरळ निर्णय घेतला, भेंडाचे तिन्ही बाऊल परत लेथवर चढणार नाहीत. यावर मालक थोडा नाराज झाला कारण एकाचं फिगर (लाकडातली नक्षी) फार सुंदर होतं, पण मला वाटतं हा निर्णय असाच व्हायला हवा, चर्चेला ठेवायचाच नाही. आणि फेसशील्ड तर अखंड लाकडालाही पूर्ण चेहऱ्याचंच हवं, नुसता चष्मा पुरत नाही.

एंड ग्रेनच्या चिरांचे दोन सोपे निघाले. वाळल्यावर चिरा जेमतेम तीन-चार मिलिमीटर खोल होत्या, आणि फायनल कातताना तेवढं लाकूड जाणारच होतं. टेलस्टॉक (समोरच्या बाजूने लाकडाला दाबून धरणारा लेथचा भाग) शेवटपर्यंत लावून, वेग कमी ठेवून, दर थोड्या वेळाने मशीन थांबवून चीर गेली का बघत कातले. दोन्ही अखंड निघाले, थोडे पातळ झाले एवढंच. बुडाचा कापलेला बाऊल आता दोन तुकड्यांत ग्रुपच्या कपाटात आहे, जाडीचे आकडे त्यावर मार्करने लिहिलेत, नवीन कुणी आलं की आधी तो हातात देतो.

भेंडाच्या तिघांपैकी दोन त्याने स्वतःच बँडसॉवर कापून छोट्या वस्तूंसाठी ब्लँक काढले. तिसरा, तो फिगरवाला, त्याने हाताने घ्यायचं ठरवलं, लेथ नाहीच. आतून बाहेरून गाऊजचे रफ वळसे कार्व्हिंगच्या हत्यारांनी आणि सँडिंगने साफ केले, तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने टाके घातले. इपॉक्सी भरला नाही. यावरही दोन मतं आली. फुलपाखराच्या आकाराच्या पाचरा बसवल्या असत्या तर तडा खरोखर धरला गेला असता, तार नुसती दिसायला, असं एका ताईंचं म्हणणं होतं, आणि त्या स्वतः फर्निचरमध्ये अशा पाचरा कितीतरी वर्षं बसवतायत म्हणजे बोलणं ऐकण्यासारखं. मला उलट तार आवडली. पाचर लाकडाला बांधून ठेवते, आणि हवा बदलली की हा तडा अजून उघडमीट करणार आहे, तारेला तेवढी ढील आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात मला सगळ्यात जास्त मोलाची वाटली, ती म्हणजे नऊच्या नऊ टेबलावर येणं. लाकूड कातणारे एकेकाळी आपली युक्ती दुकानाबाहेर जाऊ देत नसत. पेनसिल्व्हेनियात १९७६ पासून अल्बर्ट लेकॉफ वगैरेंनी सिम्पोझियम भरवायला सुरुवात केली, १९८५ मध्ये टेनेसीतल्या अ‍ॅरोमाँट या हस्तकलेच्या शाळेत मोठी परिषद झाली, त्यातून पुढच्या वर्षी अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स उभी राहिली, डेव्हिड एल्सवर्थ पहिले अध्यक्ष, १९८७ मध्ये ब्रिटनमध्येही तशीच संघटना झाली, आणि या सगळ्या लोकांनी लेथ स्टेजवर नेऊन आपण काय करतो ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. एल्सवर्थनी तर आपल्या गाऊजला धार कशी लावायची तेही उघड शिकवलं, आज जगभर ती धार त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण शो अँड टेलच्या, म्हणजे मीटिंगला आपलं काम आणून दाखवायच्या, टेबलावर अजूनही बहुतेक वेळा पॉलिश केलेली, चकचकीत, संपलेली कामंच येतात. तडकलेली वस्तू घेऊन यायला धीर लागतो, आणि ती आली की तिच्याशी समोरचे कसे वागतात यावर पुढच्या वेळी कुणी आणेल की नाही ते ठरतं.

आमच्याकडे आता ओंडका मिळाला की वाटप करायच्या आधी तिथेच दोन रेघांनी भेंड निघतो, टोकांना त्याच तासात मेण लागतं, आणि तुकड्यावर पाडल्याची तारीख खडूने लिहिली जाते. तुकडे बाऊलच्या व्यासापेक्षा दहा सेंटीमीटर लांब ठेवतो. यात लाकूड जास्त जातं अशी तक्रार दोघांची अजून आहे. तांब्याच्या टाक्यांचा बाऊल मालकाच्या खिडकीत आहे, आणि हवा कोरडी झाली की तडा किती उघडतो ते मोजून सांगायचं त्या ताईंनी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय.